शेडनेटच्या अलीकडे

१

आमच्या घराला रात्र होत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. ते मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं तेव्हा माणसं हसली. हसणाऱ्यांची घरं गावठाणात होती, माझं टर्फच्या कडेला.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून आमच्या दोन खोल्या आणि पुढं अंगण. शेजारी बापूसाहेबांचा ऊस होता. गेल्या वर्षी त्यांनी ऊस मोडला आणि बॉक्स क्रिकेटचं टर्फ केलं. प्लास्टिकचं हिरवं गवत, चारी बाजूंनी खाली फळ्या आणि त्यांवर जाळी, वरूनही जाळी, आणि पलीकडच्या कडेला दोन उंच खांब. त्यांवर उंच एकेक आणि खाली गवतालगत एकेक असे दिवे थेट आमच्या दाराकडं तोंड करून बसवलेले. दिवस मावळला की खटका पडायचा आणि आमच्या चुलीमागच्या डब्यावरचं नावसुद्धा वाचता यायचं.

पहिले काही दिवस मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी ब्लाउज शिवते. फुकटच्या उजेडात सुईत दोरा ओवत होते आणि मनातल्या मनात बापूसाहेबांचं लाइटबिल मोजत होते. पण आबांची झोप गेली.

आबा म्हणजे माझे सासरे, म्हस्कू. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. थकल्यावर शेवटची मेंढरं विकली, तेव्हा त्या पैशातून त्यांनी मला शिलाई मशीन घेऊन दिलं. माझ्या बापानंही माझ्यासाठी एवढं केलं नसतं. त्यांना दमा आहे, खोलीत जीव गुदमरतो, म्हणून बाज कायम अंगणात. त्या बाजेवर ते आता डोळ्यांवर टॉवेल टाकून पडायचे. चेंडू फळीवर आदळला की दचकायचे, शिट्टी वाजली की उठून बसायचे. दिवसा जेवणावर वासना नाही. बरगड्या दिसायला लागल्या. शिक्रापूरचे डॉक्टर म्हणाले, औषध राहू द्या, आधी यांना झोप लागली पाहिजे, नाहीतर म्हातारा हातचा जाईल.

मला आबा हवे होते. बाकी मला टर्फचं काही वाकडं करायचं नव्हतं.

२

बापूसाहेब स्वतः आले. माणूस राजकारणातला, त्यामुळं आधी पाणी मागितलं, मग आबांच्या पाया पडले, मग विषयाला हात घातला.

"वहिनी, तुमी सांगा, काय करू? टर्फ बंद करा म्हनू नका फकस्त."

"बंद कशाला करताय? उजेड आन् आवाज तुमच्या आत ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं नको."

त्यांनी शब्द पाळला, अगदी जास्तच पाळला. स्पीकर बंद, शिट्टी बंद, दहाला दिवे बंद. आमच्या बाजूच्या फळ्यांवर जाड रबराच्या शीट मारल्या. आणि टर्फ आणि आमचं अंगण यांच्या मधे, जमिनीपासून वरच्या दिव्यांच्या उंचीपर्यंत, रोपांवर घालतात तसलं हिरवं शेडनेट ताणलं. चेंडू अंगणात येतात म्हणून आमच्या अंगणावरून जाळी टाकली, ती घराच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधली, रस्त्याच्या बाजूलाही उतरवली. घराला मागलं दार नाही, म्हणून जाण्यायेण्यापुरती एक फट तेवढी ठेवली.

"बिबट्याचं बी भ्या न्हाई आता," बापूसाहेब म्हणाले. आमच्याकडं ऊस तिथं बिबट्या, दिवस मावळल्यावर माणूस लघवीलाही बॅटरी घेऊन जातो. त्यामुळं मला ते पटलं. मीच म्हणाले, सगळीकडनं घट्ट बांधा.

सगळ्यांत खूश आबा झाले. बाजेवरून उठून कामगारांना गाठी दाखवत फिरले. मेंढकं रानात मुक्कामाला असली की रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण करतात, त्याला वाघूर म्हणतात. आबांना आमच्या अंगणाची वाघूर झालेली दिसली.

"आन् तोंडाशी मी झोपनार," ते म्हणाले, आणि त्यांनी बाज ओढून त्या फटीत आडवी टाकली. मेंढका तसाच झोपतो म्हणे. फटीत आडवा. त्याला ओलांडल्याशिवाय आतलं बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही.

त्या दिवशी आठच्या आत आबांना झोप लागली. मी उंबऱ्यात बसून त्यांचं घोरणं ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

३

शेडनेटनं उजेड अडवला, पण चोरून थोडा येऊ दिला. अंगणात हिरवट संधिप्रकाश पडायचा आणि त्या कापडावर पलीकडच्या खेळाच्या सावल्या दिसायच्या. खेळणारा खांबांजवळ असला की त्याची सावली पार वरपर्यंत चढायची, कडा विरलेल्या. तोच आमच्या बाजूला चेंडू उचलायला आला की सावली खाली उतरून माणसाएवढी व्हायची, आणि बोटं मोजता येतील इतकी रेखीव. आवाज जवळजवळ काही नाही. मला ते आवडायला लागलं. आमचे हे कंपनीत दुसऱ्या पाळीला असायचे, आबा झोपलेले. मी मशीनवर बसून अधूनमधून तो मुका खेळ बघायची.

खालचे दिवे दोन, म्हणून प्रत्येकाच्या सावल्या दोन. धावणाऱ्याच्या पुढं एक, मागं एक. हे मला कुणी शिकवलेलं नाही, बघून बघून कळलं.

म्हणूनच ती एकटी सावली खटकली. डाव्या कोपऱ्यात, उंच, धूसर. तिच्या जोडीला दुसरी नव्हती. खेळ इकडं गेला, तिकडं गेला, ती हलली नाही. मला वाटलं एखादा बांबू उभा केला असेल, त्यावर कुणी जर्किन टांगलं असेल. बांबूच असणार, म्हणून मी बाही जोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बाही उसवावी लागली. उलटी जोडली होती.

४

शंभू टर्फ सांभाळतो. बायका-पोरांचा माणूस, उगाच थट्टा करणारा नाही. त्याला मी सकाळी विचारलं, "खांबापाशी त्या अंगाला कोन हुभं असतं रोज?"

"कोन न्हाई वहिनी. बांबू बी न्हाई. बघा की."

मी जाऊन बघितलं. सपाट गवत, दोन खांब, पाण्याचा जार. संध्याकाळी दिवे लागले, सावली आली. मी शंभूला फोन लावला. म्हटलं, जरा चालत जाऊन बघ तिथं, मला इकडनं काहीतरी दिसतंय. तो गेला. त्याच्या दोन सावल्या कापडावरून सरकत गेल्या, त्या उभ्या सावलीवरून पार झाल्या, परत आल्या. ती होती तिथंच होती.

"आलो बघा. काय दिसतंय?" शंभू फोनवर म्हणाला.

"काय न्हाई," मी म्हणाले. मी वेडी आहे असं त्याला वाटायला नको होतं. खरं म्हणजे मला स्वतःला तसं वाटायला नको होतं.

त्यानंतर मी रोज तिच्याकडं न बघण्याचा निश्चय करायची आणि रोज बघायची. शिवणाऱ्या बाईला माप नजरेत बसतं. सावली रोज थोडी खाली येत होती. लहान होत होती आणि रेखीव होत होती. डोक्यावर काहीतरी पांघरलेलं. खांद्यांमागून आडवी काठी, आणि काठीवर दोन्ही हात टाकून सोडलेले. रानात मेंढरं चरत असताना मेंढकं अशीच तासन् तास उभी राहतात. फक्त हात फार लांब होते. त्या मापाची बाही मी कधी शिवली नव्हती.

ती लहान होतेय याचा अर्थ मला माहीत होता. सावली लहान आणि रेखीव होते ती जवळ आल्यावर.

एकदा आबा जागे असताना मी त्यांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"राखायला हुभं हाय," ते म्हणाले.

"कोन आबा?"

"ते मला काय म्हाईत? पन राखायला हुभं हाय." आणि कुशीवर वळून झोपले. त्यांना भीती वाटली नाही याचा मला त्या वेळी आधार वाटला होता.

मग आवाज सुरू झाला. रबराच्या शीटमधून चेंडू ऐकू येत नव्हता, पण हा यायचा. गिऱ्हाईक बाई दुकानात कापड चिमटीत धरून पोत बघते ना, तेवढाच, बारीक. सावलीच्या कमरेच्या उंचीवर शेडनेट हलकंसं हलायचं.

५

पौषात थंडी पडली. फटीतून रस्त्यावरचं वारं सरळ आबांच्या छातीवर यायचं. दव पडून घोंगडी ओली व्हायची. त्यांचा खोकला वाढला, आणि मी सावली-बिवली सगळं विसरले. इतक्या महिन्यांनी माणूस अंग धरायला लागला होता, दोन भाकरी खात होता. तो खोकल्यानं जायला मी तयार नव्हते.

मी त्यांची बाज उचलून भिंतीच्या आडोशाला आणली.

"ह्ये काय करतीस? तोंड रिकामं ऱ्हातंय."

"ऱ्हाऊ द्या. मी दोरी बांधते."

"दोरीनं व्हत न्हाई पोरी. वाघरीचं तोंड रिकामं टाकत न्हाईत. कुनीतरी झोपायाच पायजे."

"आबा, ही वाघूर न्हाई, शेडनेट हाय. आन् आपुन काय मेंढरं न्हाई."

मी हे हसून म्हणाले. घाईत त्यांची ओली घोंगडी तिथंच राहिली. दोरी मी चांगली घट्ट बांधली, आबांना कोरडी रजई दिली आणि सुंठ घालून चहा दिला. त्यांनी तो फटीकडं बघत बघत प्यायला.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि कापडावर ती सावली नव्हती.

मी कोपरा न् कोपरा बघितला. खेळणाऱ्यांच्या जोडसावल्या, बाकी काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी गाणं गुणगुणत मशीन चालवलं. एक पूर्ण ब्लाउज झाला. हूक लावायला घेतलं तेव्हा हात थांबले.

उजेड आणि कापड यांच्या मधे जे उभं असतं त्याचीच सावली कापडावर पडते. रोज एकेक पाऊल जवळ येणारं, कापडाला हात लावण्याइतकं जवळ आलेलं असं काही आज दिसत नसेल, तर एक म्हणजे ते माघारी गेलं असेल. किंवा ते कापडाच्या अलीकडे असेल.

६

सव्वाआठ झाले असतील. अंगणात हिरवट उजेड होता, आबा भिंतीशी झोपले होते. मी दोरी बघायला फटीकडं गेले. दोरी सुटलेली नव्हती. तिच्याखाली, फटीत आडवी, आबांची घोंगडी पडली होती. काल राहिलेली. उचलायला मी वाकले, आणि घोंगडी वर झाली, खाली झाली.

श्वास घेत होती.

मी ओरडले. घसा फाटेल असं ओरडले. पंधरा पावलांवर पंचवीस-तीस माणसं होती. माझ्याच सांगण्यावरून मारलेल्या रबराच्या शीट मधे होत्या, माझ्याच सांगण्यावरून ताणलेलं कापड मधे होतं. त्यांना मी दिसत नव्हते, ऐकूही जात नव्हते. एवढा चोख बंदोबस्त बापूसाहेबांनी आयुष्यात दुसरा केला नसेल. आबा मात्र जागे झाले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. झोपलंय ते."

"आबा, आपुन जाऊ. उठा. माझ्या खांद्यावर हात टाका."

"कुठनं जाशील? तोंडाशी हाय ते."

कंपनीची गाडी यांना मध्यरात्री रस्त्यावर सोडते. हे आले ते दोरी सोडून सरळ आत आले. घोंगडीवर पाय दिला, घोंगडी चपटी झाली, बास. "खाली पडलीय उचलत का न्हाई?" एवढंच म्हणाले. मी सगळं सांगितलं. यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण मला ती फट ओलांडता येईना. दिवसाढवळ्या फटीशी जायची. तिथली माती दबलेली, जनावर नुकतंच उठून गेल्यासारखी ऊबदार. पाय पुढं टाकला की नडगीवर ओलसर श्वास लागायचा आणि मी माघारी फिरायची. गिऱ्हाइकं फटीतून कापड आत द्यायला लागली. किराणा हे आणायला लागले. एकदा कात्री घेऊन मी घराच्या कोपऱ्याशी जाळी कापायला बसले. दोन फासे कापले असतील. फटीकडून अंग झटकून कुणीतरी उठल्याचा आवाज आला, आणि माझ्या हातातून कात्री पडली.

"ही जाळी काढून टाका," मी यांना म्हणाले. रडून म्हणाले.

"आगं येडी का खुळी? आबा झोपत्यात, जेवत्यात. डॉक्टर काय म्हनला ऐकलं न्हाईस? इतकी तब्येत धा वर्सांत नव्हती. आन् मी जाळी काढू?"

खरंच होतं ते. आबांचे गाल भरले होते. बरगड्या झाकल्या होत्या. मलाच हे हवं होतं, यासाठीच मी भांडले होते, आणि आता त्यांच्या भरलेल्या अंगाकडं बघून मला बरं वाटेना. का ते मला कळत नव्हतं.

एकदा भांडी घासताना पाठीवरून हात फिरला. मानेपासून कमरेपर्यंत, बोटांनी दाबत, हाड चाचपत. मला वाटलं, हे लवकर आले. हात पटकन उचलला गेला. मागं कुणी नव्हतं.

७

हे मी आबांना आज सांगितलं. दिवे नुकतेच लागले होते. त्यांच्यापुढं ताट ठेवलं होतं, दोन भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर दूध. त्यांनी घास मोडला नव्हता.

"पटकन उचलला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग तुझं काय न्हाई. तू वाळकी हायस." त्यांनी मागं हात नेऊन स्वतःची पाठ चाचपली. "माझ्या पाठीवरनं काल फिरला. लई येळ फिरला."

"म्हंजी काय आबा?"

"बाजाराच्या आदुगर आमी असंच बघायचो. हात फिरवायचा. कुनाला मांस धरलंय, कोन अजून कच्चं हाय. झोपलेल्या मेंढराच्या अंगावरनंच फिरवायचा, म्हंजी ते बुजत न्हाई." त्यांनी बाजेची कड घट्ट धरली होती. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. "आन् मी मेलो असा गाढ झोपतोय, पोरी. जागं ऱ्हावं म्हनतो तर ऱ्हावत न्हाई."

फटीकडं घोंगडी नव्हती. आज ती तिथं पडलेली नव्हती. कापडावर खेळणाऱ्यांच्या सावल्या पळत होत्या, त्यांतल्या कुणाला आम्ही ठाऊक नव्हतो.

मी त्यांच्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवलं. त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली.

"एवढ्यानं काय व्हतंय? एका रातीत काय वाळतंय का मानूस?"

तेही खरं होतं. एका रात्रीत माणूस वाळत नाही. किती दिवसांत भरतो ते मात्र मी आबांवरूनच बघितलं होतं. आबा या बाजारातून वाचले, तर पुढच्याला त्यांच्याआधी मी भरलेली असायला हवी.

मी आतून माझंही ताट आणलं. दोन्ही ताटं पुढ्यात घेऊन आबांच्या बाजेशी, फटीकडं पाठ करून जमिनीवर बसले. भाकरी दुधात कुस्करली. भूक अजिबात नव्हती. पहिला घास पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. मग दुसरा घेतला.

"साधना, ह्ये काय चाललंय तुझं?"

मी भाजीचा घास घेतला.

"साधना, ठेव ते ताट. माझी आन हाय तुला."

मागं माती दबल्याचा आवाज आला. मी भाकरी संपवली आणि आबांची भाकरी मोडायला घेतली.